रीसेट म्हणजे कोणता रीसेट?

२०२१ ते २०२४ ही तीन वर्षे माझी नेमणूक रायपूरला होती. मालवीय रोडवरून आत वळले की गोल बाजार सुरू होतो. मसाले, जडीबुटी, बांगड्या, पूजेचे साहित्य, लग्नाचा बस्ता, सारे काही त्या दाटीत मिळते. आमचे कार्यालय या बाजाराच्या मागच्या अंगाला, भाड्याच्या एका जुन्या दुमजली इमारतीत होते. खाली व्यापाऱ्यांची गोदामे आणि वर केंद्र सरकार. जिन्यातून चढताना हळद आणि धण्याचा वास येई, आणि नव्याने बदलून आलेला प्रत्येक अधिकारी पहिला आठवडा शिंकत असे. मीही शिंकलो.

याच इमारतीतील सर्व्हरच्या खोलीत २०२३ च्या मार्चअखेरीस जे घडले ते आज लिहीत आहे. या लेखांच्या वाचकांपैकी बरेच जण परदेशात आहेत आणि त्यातले निम्मे तरी संगणकक्षेत्रात असावेत. त्यांना यातला तांत्रिक भाग बाळबोध वाटेल. त्यांनी तेवढा भाग ओलांडून जावे. प्रशासनाचा भाग मात्र वाचावा.

पार्श्वभूमी अशी. आमच्या सर्व्हरवर कर्मचाऱ्यांच्या सेवापुस्तकांच्या छायाप्रती साठवण्याचे काम त्या वर्षी चालू होते. मूळ पुस्तकांपैकी काहींना वाळवी लागली होती. आमच्या एका वाहनचालकाची सेवा जगदलपूरच्या जुन्या कार्यालयात सुरू झाली होती. त्या काळातली त्याची पाने छायाप्रत काढताना हातात अक्षरशः भुगा होऊन आली. हा गृहस्थ ३१ मार्चला निवृत्त होणार होता. त्या पानांवरच्या नोंदींखेरीज त्याच्या अर्हताकारी सेवेची काही वर्षे सिद्ध होणार नव्हती, आणि त्या पानांची एकमेव प्रत आता सर्व्हरवर होती. राखीव प्रत फेब्रुवारीतली होती. पाने उतरवली मार्चमध्ये. राखीव प्रत दर आठवड्याला घ्यावी असा आदेश होता. तो माझ्याच सहीचा होता, आणि तो पाळला जातो की नाही हे मी कधी तपासले नव्हते.

त्या आठवड्यात दोन गोष्टी एकत्र आल्या. सर्व्हरमधील सहा डिस्कांपैकी एक निकामी झाली. अशा संचात एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते. दुसरी गेली तर सारेच जाते. नवीन डिस्क बसवली की उरलेल्या पाचांवरून हिशेब करून तिच्यावर माहिती पुन्हा भरली जाते. या कामाला एक दिवस, कधी त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तोवर संच दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखा असतो. हे भरणे २९ मार्चला दुपारी सुरू झाले. त्याच वेळी वरिष्ठ कार्यालयाचे स्मरणपत्र आले की सुरक्षेतील त्रुटी दूर करण्यासाठी सर्व्हरचे फर्मवेअर अद्ययावत करून ३१ मार्चपूर्वी अनुपालन अहवाल पाठवावा.

थांबायला हवे होते. डिस्क भरून होईपर्यंत फर्मवेअरला हात लावायचा नाही, एवढा साधा विवेक पुरे होता. पण मार्चअखेरचा सरकारी माणूस विवेकाने चालत नाही, तारखेने चालतो. वर्षाच्या शेवटी खर्चाची घाई करणे हा आर्थिक औचित्याचा भंग आहे असे २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील ६२ वा नियम सांगतो. अनुपालनाच्या घाईविषयी मात्र असा कोणता नियम नाही. मी होकार दिला.

फर्मवेअर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. यंत्राच्या प्रत्येक भागात, म्हणजे डिस्कमध्ये, नेटवर्क कार्डात, मुख्य फलकावर, एक छोटी आज्ञावली कायमची बसवलेली असते. आपण जी आज्ञावली सीडीवरून किंवा इंटरनेटवरून घालतो ती भाडेकरू. फर्मवेअर हा वाड्यातला जुना कारभारी. त्याला हात लावायला कोणी सहसा धजत नाही, पण लावावा लागतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझने ग्राहकांना कळवले की त्यांच्या काही सॉलिड स्टेट डिस्क ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील आणि त्यांवरील माहितीही परत मिळणार नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. दोनाचा पंधरावा घात तो. तास मोजणाऱ्या जागेत बहुधा तेवढा आकडा मावत नव्हता. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क एकाच तासाला जाणार. उपाय एकच होता, फर्मवेअर बदलणे. उलट बाजूही आहे. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील प्रसिद्ध त्रुटींवर इंटेलने जो इलाज दिला, त्याने यंत्रे अनपेक्षितपणे पुन्हा सुरू होऊ लागली, आणि २२ जानेवारीला तो बसवणे थांबवा असे इंटेललाच सांगावे लागले. म्हणजे न बदलावे तर धोका, बदलावे तरी धोका.

आम्ही बदलायला घेतले ते फर्मवेअर मुख्य सर्व्हरचे नव्हते, त्याच्या पोटातील एका छोट्या संगणकाचे होते. बऱ्याच अधिकाऱ्यांना हे ठाऊक नसते, मलाही नव्हते, की मोठ्या सर्व्हरच्या फलकावर आणखी एक स्वतंत्र संगणक बसवलेला असतो. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर म्हणतात. सर्व्हर बंद असला तरी तारेत वीज आहे तोवर हा जागा असतो. पंख्यांचा वेग ठरवणे, तापमान पाहणे, धोक्याची सूचना पाठवणे, दुरून सर्व्हर चालू-बंद करणे, ही त्याची कामे. त्याच्याशी बोलण्याची एक समान भाषा १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी ठरवली. आयपीएमआय असे तिचे नाव. मी त्याला 'सर्व्हरचा कोतवाल' म्हणू लागलो आणि आमच्या कार्यालयात ते नाव रुळले.

तर, कोतवालाला नवे फर्मवेअर दिले गेले. संध्याकाळी सहाच्या सुमारास तो मौन झाला. त्याचे वेबपान उघडेना, नेटवर्कवरून हाक मारली तर उत्तर नाही, आणि पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले. तापमान कळेनासे झाले की पंखे पूर्ण सोडावेत अशीच त्या यंत्राची रचना असते; ती सावधगिरीच आहे. पण आवाज असा की खालच्या गोदामातला मुनीम जिना चढून विचारायला आला.

मी नस्ती मागवली आणि टिप्पणीवर लिहिले: 'सर्व्हर रीसेट करून अहवाल सादर करावा.' सही केली, तारीख घातली.

ही टिप्पणी जिच्याकडे गेली ती आमची कंत्राटी संगणक अभियंता. वय सव्वीस, रायपूरच्याच तात्यापाऱ्यात वाढलेली. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थायिक झालेली मराठी घराणी आहेत. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूरला राहून हा मुलूख पाहत होते. अशा घरांतल्या मराठीला एक वेगळीच गोडी असते. 'पर' आणि 'मतलब' तीत असे मिसळतात की ते हिंदी आहेत याची बोलणाऱ्याला जाणीवही नसते. ती नस्ती घेऊन दारात उभी राहिली.

"सर, रीसेट मतलब कोणता रीसेट?"

"म्हणजे? सर्व्हर बंद करून चालू करायचा."

"पर सर, डिस्क भरून राहिली आहे ना. आणि बिघाड सर्व्हरमध्ये नाही, कोतवालात आहे."

मग तिने मला कागदावर लिहून दाखवले. आयपीएमआयटूल नावाची एक आज्ञावली आहे. तिला 'चॅसी पॉवर रीसेट' असे म्हटले तर संपूर्ण सर्व्हर त्या क्षणी, कोणाला न विचारता, धाडकन पुन्हा सुरू होतो. 'चॅसी पॉवर सायकल' म्हटले तर वीज तोडून पुन्हा जोडली जाते. 'चॅसी पॉवर सॉफ्ट' म्हटले तर सर्व्हरला आवराआवर करायला सांगून मग तो बंद केला जातो. आणि 'एमसी रीसेट कोल्ड' म्हटले तर फक्त कोतवाल पुन्हा जागा होतो. सर्व्हर, त्यावरची कामे, डिस्कचे भरणे, सारे जसेच्या तसे चालू राहते, निदान तशी अपेक्षा असते. (या आज्ञा टंकायच्या रोमन लिपीत, हे सांगायला नकोच.) चारही आज्ञांना बोलीभाषेत आपण 'रीसेट'च म्हणतो.

मी माझी टिप्पणी पुन्हा वाचली. तिचा सरळ अर्थ पहिला होतो. ती मुलगी आज्ञाधारक असती, किंवा तिच्या जागी हुकूम म्हणजे हुकूम मानणारा कोणी असता, तर अर्ध्या भरलेल्या डिस्कसकट सर्व्हर पाडला गेला असता आणि चौकशीत नस्तीवर माझी सही निघाली असती. तीस वर्षे मी इतरांच्या टिप्पण्यांतील संदिग्धतेवर लाल शाईने खुणा केल्या आहेत. त्या संध्याकाळी माझ्याच वाक्यावर खूण करायला शाई उचलली, आणि खरे सांगतो, खूण न करता कागदच बदलावा असा मोह झाला. बदलला नाही. खाली नवीन परिच्छेद लिहिला: 'वरील आदेश स्थगित. उद्या सकाळी चर्चा करावी.'

रात्री काय करायचे हाही प्रश्नच होता. कोतवाल गप्प, म्हणजे खोलीतली वातानुकूलन यंत्रणा बंद पडली तर कळवणार कोण? ती यंत्रणा महिन्यातून दोनदा बंद पडे, आणि मार्चअखेरचे रायपूर म्हणजे वैशाखाची रंगीत तालीम. चौकीदाराला आत भिंतीवरचे थर्मामीटर देऊन बसवावे असे शिपायाने सुचवले. सूचना हसण्यासारखी होती, पण दुसरी कोणाकडे नव्हती. चौकीदार बसला, दर तासाला एका वहीत आकडा लिहीत राहिला. ती वही माझ्याकडे अजून आहे.

दुसरा दिवस, ३० मार्च, रामनवमीचा. घरी सुंठवडा करायचा म्हणून पत्नीने यादी दिली होती. तेव्हा रात्री साडेआठला गोल बाजारातून सुंठ, खोबरे आणि खडीसाखर घ्यायला गेलो. सणाची गर्दी होती, नारळ आणि झेंडूचे ढीग. ओळखीच्या मसालेवाल्याकडे सुंठ तोलली जात असतानाच वीज लपकली. परत आली तेव्हा त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकाम्या पारड्याचेच चाळीस-पन्नास ग्रॅम दिसू लागले. नोकर पोऱ्या वायर उपटायला वाकला. मालकाने त्याला हातानेच थांबवले, पारड्यातला कण झटकला, शून्याचे बटण दाबले, मग शंभर ग्रॅमचे वजन ठेवून पाहिले. बरोबर आले. म्हणाला, "पहले ज़ीरो, फिर वज़न, उसके बाद वायर, साहब. वायर निकाली तो सुबह तक भाव भी दोबारा भरने पड़ेंगे." त्याच्या काट्यात दीडशे जिन्नसांचे भाव भरलेले होते, आणि ते तो वीज गेल्याने उडू देणार नव्हता.

काट्यावर वजनमापे निरीक्षकाचा शिक्का होता. काटा उघडून दुरुस्त केला तर पुन्हा पडताळणी करून घ्यावी लागते. शून्याचे बटण दाबायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. कायद्यानेसुद्धा हा फरक ओळखला आहे. जाता जाता सांगतो: हा कायदा, वैध मापनशास्त्र अधिनियम, नावाने २००९ चा आहे, राष्ट्रपतींची संमती जानेवारी २०१० ची आणि अंमल १ एप्रिल २०११ पासून. लिहिला गेला म्हणजे लागू झाला असे नसते. फर्मवेअरचेही तंतोतंत असेच आहे. नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फर्मवेअर आधी उतरवले जाते, मग एका कप्प्यात बसवून त्यावर 'हे आता चालवायचे' अशी नोंद केली जाते, आणि तरीही सहसा पुढच्या रीसेटपर्यंत जुनेच चालू राहते. रीसेट म्हणजे अंमलाची अधिसूचना. लिनक्स प्रणालीत तर अनेक उपकरणांच्या नावाने एकेक फाइल असते, तिचे नावच 'रीसेट'. तिच्यात १ हा एक आकडा लिहिला की केवळ तेवढेच उपकरण पुन्हा सुरू होते, शेजारच्याला पत्ता लागत नाही. सगळ्याच उपकरणांना ही सोय नसते. पण असते तेव्हा इमारत रिकामी न करता एकच दिवा बदलता येतो.

रात्री घरी बसून मी विद्यार्थिदशेतल्या अर्थशास्त्राच्या टिपणांतून एक जुना मुद्दा आठवत होतो. केनेथ ॲरो आणि अँथनी फिशर यांनी १९७४ मध्ये एक निबंध लिहिला होता, नैसर्गिक प्रदेशांच्या विकासाविषयी. त्याचा गाभा असा की ज्या निर्णयावरून मागे फिरता येत नाही त्याची किंमत नेहमीच्या लाभ-हानीच्या हिशेबात पुरती धरली जात नाही. पुढे अधिक माहिती मिळण्याची शक्यता असेल तर न करण्यालाही मूल्य असते. नैसर्गिक प्रदेश राखावा की विकसित करावा यासाठी तो विचार होता. मी तो गोल बाजारातल्या एका सर्व्हरला लावत होतो. न करण्याचे मूल्य मोठे होते, पण शून्य खर्चाचे नव्हते, कारण दोन रात्री आणि एक सुट्टी आंधळ्या सर्व्हरला उन्हाळ्यात सोडून देणे हाही एक निर्णयच होता. म्हणजे प्रश्न उरला तो पायऱ्यांचा. सगळ्यात लहान आणि मागे फिरता येण्याजोगे पाऊल आधी.

सकाळी नऊला सुट्टी असूनही आम्ही चौघे कार्यालयात होतो. निघताना पत्नीने बजावले होते, "बाराच्या आत या, जन्म चुकवू नका." मी नस्तीवर नवीन आदेश लिहिला आणि या वेळी तो त्या मुलीकडून वाचून घेतला. कोणती आज्ञा, शब्दशः. कोण टंकणार, कोण मोठ्याने वाचून पडताळणार. पाच मिनिटांत कोतवाल परतला नाही तर काय, दहा मिनिटांत नाही तर काय. आणि 'पॉवर' हा शब्द असलेली कोणतीही आज्ञा डिस्क भरून झाल्याशिवाय द्यायची नाही. त्याआधी सेवापुस्तकांच्या मार्चमधल्या छायाप्रती एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. याला पाऊण तास लागला. पंचेचाळीस मिनिटांचे काम महिनाभर झाले नव्हते.

नेटवर्कच्या बाजूने कोतवालाचे दार बंद होते. पण सर्व्हरला आतूनही त्याच्याशी बोलता येते, मधल्या दारातून म्हणावे तसे. तिने सर्व्हरला थेट कळफलक आणि पडदा जोडला. आधी 'एमसी इन्फो', म्हणजे नुसती विचारपूस. बऱ्याच वेळाने उत्तर आले, आणि त्यात फर्मवेअरचा नवा क्रमांक होता. म्हणजे लिहिणे नीट झाले होते, जागे होणे अर्धवट राहिले होते. मग सौम्य उपाय, 'एमसी रीसेट वॉर्म'. यंत्राने ही आज्ञा आपल्याला ठाऊक नाही असे कळवले. पुष्कळ यंत्रांना ती ठाऊक नसते असे ती म्हणाली. मग तिने चार शब्द टंकले, आणि प्रवेशाच्या कळीवर बोट नेऊन माझ्याकडे पाहिले. लेखापालाने ते शब्द मोठ्याने वाचले. मी म्हणालो, "दाब."

पडद्यावर एक ओळ उमटली, कोतवालाला थंड रीसेटची आज्ञा पाठवली आहे अशी. पुढे काही नाही. पंख्यांचा आवाज होता तसाच. एक मिनिट, दोन मिनिटे. तिसऱ्या मिनिटाला मला तो वाहनचालक आठवला, जो त्या क्षणी खाली गाडी पुसत होता. सुट्टी असूनही तो मला आणायला आला होता आणि वर काय चालले आहे याची त्याला काहीच कल्पना नव्हती. चार मिनिटे होत आली. मग एकाएकी पंखे खाली आले, इतके खाली की बाजारातला भोंग्यावरचा भजनाचा आवाज ऐकू येऊ लागला, जो कालपासून कोणी ऐकला नव्हता.

तिने लगेच काही न बोलता 'अपटाइम' विचारला. सर्व्हर किती दिवस अखंड चालू आहे ते यावरून कळते. दोनशे अकरा दिवस. तो मध्ये बंद झालाच नव्हता. डिस्कचे भरणे एकसष्ट टक्क्यांवर होते आणि पुढे सरकत होते. तापमानाचे आकडे आले. ते चौकीदाराच्या वहीतल्या शेवटच्या आकड्याशी फार तर एखाद्या अंशाने वेगळे होते. चौकीदाराने ते दोनदा पाहिले.

मी पावणेबाराला घरी पोहोचलो. सुंठवड्यात सुंठ जरा जास्त झाली होती.

त्याच रात्री डिस्क भरून झाली. ३१ तारखेला, शुक्रवारी, वाहनचालकाच्या जगदलपूरच्या पानांच्या प्रती साक्षांकित होऊन त्याच्या निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात लागल्या. निरोपसमारंभात त्याने मला नारळ दिला. मी काय दिले, आणि काय देऊ शकलो नसतो, हे त्याला सांगितले नाही. अनुपालन अहवालही वेळेत गेला. त्यात 'कार्यवाही पूर्ण' एवढेच दोन शब्द होते, कारण तक्त्यात तेवढीच जागा होती.

पुढे आणखी एक गंमत झाली. थंड रीसेटनंतर कोतवालाचे घड्याळ काही मिनिटे चुकीचे चालले होते. खरी वेळ कळेपर्यंत अशी यंत्रे संगणकांच्या कालगणनेच्या आरंभापासून मोजू लागतात. त्यामुळे त्याच्या रोजनिशीत दोन नोंदींवर १ जानेवारी १९७० ही तारीख पडली. पुढच्या वर्षी लेखापरीक्षकांनी त्यावर आक्षेप काढला की सदर उपकरण कार्यालयाच्या स्थापनेच्या पूर्वीपासून कार्यरत असल्याचे दिसते, तरी त्याच्या खरेदीची कागदपत्रे सादर करावीत. ती मुलगी तोवर पुण्याला नोकरी लागून गेली होती. मी तिला दूरध्वनी करून उत्तर कसे लिहावे ते विचारले. तिने सांगितले ते मी लिहून घेतले, पुन्हा तिलाच वाचून दाखवले. ती म्हणाली, "सर, 'रीसेट' लिहू नका ना नुसते. कोणता ते लिहा."

लिहिले. आक्षेप वगळण्यात आला.